नियम माहीत असून मोडणारे: माझी आवडती रेनेसाँ चित्रं

रंगपेटी (धागाकर्ता)

मंडळी, पोर्ट्रेटच्या धाग्यावर दोघा-तिघांनी विचारलं होतं की रेनेसाँमधली (म्हणजे युरोपातल्या पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या काळातली) तुमची सगळ्यात आवडती चित्रं कोणती. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतोय. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

मी व्यक्तिचित्रं करतो, त्यामुळे माझं बघणं कलेच्या इतिहासकाराचं नाही. चित्रासमोर उभं राहिलं की पहिला प्रश्न पडतो तो या माणसाने इथे असं का केलं असेल हा, म्हणजे हात एवढाच का दाखवला, इथली सावली का गाळली, पलीकडच्या कपड्यातला लाल इथे परत का आणला. असं बघत बघत माझं एक मत पक्कं होत गेलंय ते आधीच सांगून टाकतो. आपल्याला एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या वयापासून ऐकवतात की रेनेसाँ म्हणजे पर्स्पेक्टिव्ह (जवळचं मोठं, लांबचं लहान दाखवायचं गणित), अ‍ॅनाटॉमी, प्रमाणबद्धता. ब्रुनेलेस्कीने फ्लॉरेन्समध्ये पर्स्पेक्टिव्हचा प्रयोग करून दाखवला, अल्बर्तीने १४३५ मध्ये त्याचे नियम लिहून काढले, सगळं खरं. पण त्या काळातली जी चित्रं माझ्या डोक्यातून जातच नाहीत त्या प्रत्येकात चित्रकाराने नियम कुठेतरी बाजूला सारलाय, आणि नेमका तिथेच जिथे चित्राचा जीव आहे. आणि हे सगळे लोक असे की नियम त्यांच्या हातात मुरलेला होता.

पहिलं नाव मांतेन्या, इटालियन चित्रकार. मिलानच्या ब्रेरा संग्रहालयात त्याचं मृत ख्रिस्ताचं चित्र आहे, साधारण १४८० च्या आसपासचं, ६८ बाय ८१ सेंटिमीटर, म्हणजे घरातल्या भिंतीवर सहज मावेल एवढं. कॅनव्हासवर टेम्परा (बलक किंवा सरसासारख्या द्रव्यात कालवलेला रंग) आहे, त्यामुळे तेलरंगाची चमक अजिबात नाही, सगळं कोरडं, मातकट, राखाडी-गुलाबी. दगडी फरशीवर प्रेत आडवं ठेवलंय आणि आपण पायाशी उभे आहोत. तळवे थेट आपल्या तोंडासमोर. त्या तळव्यांवर खिळ्यांची भोकं आहेत ती जवळून बघा, रक्ताचा थेंब नाही, भोकाच्या कडेची कातडी वाळून वर आलीय, धुऊनपुसून ठेवलेल्या शरीराची असते तशी. हातांच्या पाठीवर पण तीच भोकं. डावीकडे कडेला रडणारे चेहरे कोंबल्यासारखे, मरिया रुमालाने डोळे पुसतेय, तिसरा चेहरा तर जेमतेम दिसतो. एवढ्या छोट्या खोलीत माणसं दाटीवाटीने प्रेताभोवती असतात तेव्हा असंच होतं, कोणालाच नीट जागा मिळत नाही.

आता यातली चलाखी. स्टुडिओत मॉडेलला टेबलावर झोपवून मी नेमक्या याच कोनातून काढून बघितलंय, फोनने फोटोपण घेतला. खरं पर्स्पेक्टिव्ह लावलं तर जवळची पावलं एवढी प्रचंड येतात की त्यांच्यामागे चेहरा जवळजवळ हरवतो. मांतेन्याने पावलं लहान केली आणि डोकं मोठं ठेवलं. हा तोच माणूस ज्याने मांतुआच्या राजवाड्यातली ती खोली १४७४ मध्ये पुरी केली, जिच्या छताला गोल भोक पाडून वर आकाश आणि वाकून बघणारी माणसं असल्याचा भास होतो, म्हणजे फोरशॉर्टनिंगमध्ये (आपल्या दिशेने आलेली वस्तू आखूड करून दाखवण्यात) त्याचा हात धरणारा त्या वेळी क्वचितच कोणी होता. त्याला चेहरा गमवायचा नव्हता म्हणून त्याने हे केलं. त्यामुळे नजर तळव्यांपासून निघते, चादरीच्या घड्यांवरून, पोटावरून, बरगड्यांवरून चढत चढत चेहऱ्याशी पोचते आणि तिथे थांबते. आणि हे चित्र १५०६ मध्ये तो गेला तेव्हा त्याच्याच स्टुडिओत होतं. त्याने ते कशासाठी केलं यावर बरीच मतं आहेत, मला एवढंच वाटतं की असं चित्र काढून रोज त्याच्या सोबतीने काम करायला छाती लागते.

दुसरा पिएरो देल्ला फ्रांचेस्का. याच्यावर माझं सगळ्यात जास्त प्रेम आहे. हा तर गणिती माणूस, चित्रातल्या पर्स्पेक्टिव्हवर अख्खा ग्रंथ लिहिलाय याने, भूमितीच्या आकृत्यांसकट. सानसेपोल्क्रो हे त्याचं स्वतःचं गाव, तिथल्या नगरभवनात (आता तिथे म्युझियम आहे) भिंतीवर त्याने ख्रिस्ताचं पुनरुत्थान, म्हणजे थडग्यातून परत उठणं, रंगवलं. थडग्याच्या कडेवर एक पाय ठेवून ख्रिस्त सरळ उभा, हातात झेंडा, खाली चार शिपाई गाढ झोपलेले. शिपाई आणि थडगं आपण खालून बघतोय अशा हिशोबाने काढलेत. त्याच हिशोबाने ख्रिस्त काढला असता तर त्याची हनुवटी, नाकपुड्या दिसायला हव्या होत्या. पण चेहरा एकदम समोरासमोर, डोळे सरळ आपल्या डोळ्यांत. एकाच भिंतीवर दोन नजरा. खालचे लोक आपल्या जगात आहेत, वरचा नाही, हे सांगायला त्याने ढग, किरणं, देवदूत काहीच वापरलं नाही, फक्त डोळ्याची उंची बदलली. मला हे दर वेळी नव्याने थक्क करतं.

त्यात अजून एक गोष्ट, भाला धरलेल्या शिपायाचे पाय शोधून बघा. नाहीतच, मावायला जागाच नाहीये. पिएरोला हे दिसलं नसेल हे मी मानायला तयार नाही. त्याला तिथे झोपेचा एक सलग ढीग हवा होता, पाय घातले असते तर तो ढीग फुटला असता. मागची झाडंपण बघा, ख्रिस्ताच्या एका बाजूला निष्पर्ण, दुसऱ्या बाजूला पालवी फुटलेली. जो शिपाई चेहरा वर करून झोपलाय तो खुद्द पिएरो असं मानतात.

या चित्राने अख्खं गाव वाचवलंय हे बऱ्याच जणांना माहीत नसेल. १९४४ मध्ये टोनी क्लार्क नावाच्या ब्रिटिश तोफखान्याच्या अधिकाऱ्याला सानसेपोल्क्रोवर तोफा डागायचा हुकूम होता. मारा सुरूपण झाला होता, तेवढ्यात त्याला आठवलं की एका इंग्रज लेखकाने लिहिलंय की जगातलं सगळ्यात श्रेष्ठ चित्र याच गावात आहे, आणि त्याने तोफा थांबवल्या. जर्मन आधीच निघून गेले होते. गावात आता त्याच्या नावाचा रस्ता आहे.

तिसरं चित्र इटलीतलं नाही. रोजिर व्हान डेर वायडेनचं, ख्रिस्ताला क्रुसावरून उतरवतात ते, साधारण १४३५ चं, माद्रिदला प्रादोमध्ये आहे. लुव्हेनच्या धनुर्धाऱ्यांच्या संघाने करवून घेतलेलं, म्हणून वरच्या कोपऱ्यांतल्या नक्षीत इवलीशी धनुष्यं लटकवलीत. दहा माणसं, जवळजवळ खऱ्या मापाची, एका उथळ सोनेरी खोक्यात. खोक्याची खोली खांद्याएवढी पण नसेल आणि त्यात एकामागे एक चार-पाच थर माणसांचे. क्रूस मागे आहे, पण शिडीवरचा पोऱ्या पुढच्या नक्षीला टेकलाय. हे शक्यच नाही, आणि बघताना कोणाला खटकत नाही. कारण आपलं लक्ष असतं मरियाकडे, ती बेशुद्ध पडतेय आणि तिच्या अंगाचा बाक हुबेहूब मुलाच्या प्रेताचा आहे, तोच लटकलेला हात, तीच कललेली मान. प्रत्येकाच्या गालावरचे अश्रू वेगळे काढलेत, प्रत्येक थेंबाला स्वतःचा उजेड आणि स्वतःची सावली. तेलरंगाचे पातळ थर एकावर एक चढवल्याशिवाय हे होतच नाही.

मसाच्चोवर खूप लिहायचंय पण हात दुखले. त्याची ब्रांकाच्ची चॅपल प्रतिसादात घेतो. मोनालिसा यादीत नाही कारण तिच्यासमोर मला कधी दोन मिनिटं शांतपणे उभं राहता आलेलं नाही, आणि न बघितलेल्या चित्रावर मी लिहीत नाही. तुमची आवडती चित्रं टाका, कारणासकट.

खडूफळा

जबरदस्त धागा. मांतेन्याचं चित्र पुस्तकात कितीदा पाहिलं होतं पण पावलं लहान आहेत हे आज पहिल्यांदा कळलं, आता ते दिसायचं थांबत नाहीये.

तुमच्या यादीत एक भर घालते. रोमच्या सिस्टिन चॅपलच्या छतावरचा योना, बायबलमधला संदेष्टा. वेदीच्या बरोबर वर, जिथे छताची कमान पुढे आपल्याकडे झुकत येते, तिथे मायकेलँजेलोने योनाला मागे रेललेला काढलाय. म्हणजे भिंत पुढे येतेय आणि माणूस मागे जातोय! खालून बघताना पृष्ठभागाचं वळण कुठेच जाणवत नाही. हा नियम मोडणं नाही म्हणता येणार, उलट नियम एवढा घोटलाय की त्याने भिंतीलाच हरवलं. आणि छत त्याने झोपून रंगवलं ही ऐकीव गोष्ट आहे, तो उभा राहून, मान मागे टाकून काम करायचा, त्याच्या त्रासावर त्याने स्वतः कविता लिहिलीय आणि शेजारी छोटं चित्र काढलंय उभ्या माणसाचं.

रंगपेटी

योना! अगदी अगदी. आणि तो सगळ्यात शेवटी आला, १५०८ ते १५१२ या चार वर्षांत मायकेलँजेलो दाराकडून वेदीकडे सरकत गेला, त्यामुळे सुरुवातीची चित्रं आणि योना शेजारी ठेवून बघितले की एका माणसाचा हात कसा मोकळा होत गेला ते दिसतं. नोहाच्या पुराच्या प्रसंगात किती छोटी छोटी माणसं आहेत, खालून दिसतच नाहीत नीट. पुढे पुढे त्याने आकडा कमी केला आणि आकार वाढवला.

चुनाविटा

मी जुन्या इमारतींच्या डागडुजीचं काम करतो म्हणून एका गोष्टीवर बोलतो. फ्रेस्को हा शब्द आपल्याकडे कुठल्याही भित्तिचित्राला लावतात, अजिंठ्याला पण. अजिंठ्यात मातीचा गिलावा, त्यात भाताचं तूस, गवत वगैरे, वर चुन्याचा पातळ हात आणि तो वाळल्यावर डिंक-सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. इटालियन फ्रेस्कोत रंग नुसत्या पाण्यात कालवून ओल्या चुन्यावरच लावतात. विझवलेला चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि परत दगड होतो, रंगाचे कण त्या दगडात अडकतात. म्हणून वेगळा डिंक लागत नाही. आपल्याकडे याच्या जवळ जाणारी पद्धत राजस्थानातली आरायशची.

याचा परिणाम असा की एका दिवसात जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा सकाळी लावायचा. संध्याकाळी उरलेला छाटून टाकायचा. जवळून बघितलं तर आज कुठे थांबला, उद्या कुठून सुरू केलं त्याचे सांधे दिसतात, काही ठिकाणी एक डोकं म्हणजे एक दिवस. चुकलं तर पुसता येत नाही, फोडून परत करायचं. आमच्या कामात चुन्याचा राग ज्याला माहीत आहे त्याला या लोकांच्या धैर्याचं काय वाटतं ते शब्दांत नाही सांगता येणार.

अजिंठ्याचा आणि इटलीचा एक खरा धागा पण आहे. निजामाने १९२० ते २२ मध्ये चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन जाणकारांना अजिंठ्याला बोलावलं होतं चित्रांची पडझड थांबवायला. सुटत आलेला गिलावा त्यांनी पक्का केला हे मोठंच काम. पण वर जो लाखेचा व्हार्निशचा थर दिला तो पुढे पिवळा पडत गेला आणि तो काढण्याचं काम पुरातत्त्व खात्याला नंतर बरीच वर्षं करावं लागलं.

मुक्काम पोस्ट पेनिन्सुला

चुनाविटा, मग लिओनार्दोने ‘अखेरचं भोजन’ फ्रेस्कोत का केलं नाही ते सांगा ना. मी कामासाठी काही महिने मिलानला होते तेव्हा बघितलंय. आधी बुकिंग करावं लागतं, थोड्या थोड्या लोकांना आत सोडतात आणि १५ मिनिटांत बाहेर. मी गेले तेव्हा पहिली पाच मिनिटं मला नुसते डाग दिसत होते, मग हळूहळू हात दिसायला लागले. हातच हात. तेरा माणसांचे हात टेबलावर काय काय बोलतायत. शेवटी घंटा झाली तेव्हा पाय निघत नव्हता.

चुनाविटा

कारण फ्रेस्को घाई करायला लावतो आणि लिओनार्दो घाई करणारा नव्हता. त्याला थांबायचं होतं, परत येऊन दुरुस्ती करायची होती, थरावर थर द्यायचे होते. म्हणून त्याने कोरड्या भिंतीवर तेल आणि टेम्परात काम केलं, १४९५ ते ९८. भिंत ओल धरणारी, त्यामुळे वीसेक वर्षांतच पापुद्रे सुटायला लागल्याची नोंद आहे. १६५२ मध्ये खालून दार पाडलं त्यात ख्रिस्ताचे पाय गेले. १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात त्या भोजनगृहाचं छत आणि एक भिंत पडली, चित्राची भिंत वाळूच्या पोत्यांनी झाकलेली म्हणून वाचली. १९७८ ते १९९९ असं एकवीस वर्षं शेवटचं रिस्टोरेशन चाललं.

रंगपेटी

त्यातसुद्धा माझा मुद्दा आहेच बरं का. ते टेबल बघा. तेरा माणसं त्याच्यामागे बसूच शकत नाहीत एवढं ते आखूड आहे. सगळे बसले असते तर अर्ध्यांना मांडीवर बसावं लागलं असतं. पण गर्दी, खळबळ, ‘तुमच्यातला एक जण मला दगा देईल’ म्हटल्यावर उसळलेली लाट दाखवायला त्याला ती दाटी हवी होती. आणि खोलीच्या सगळ्या रेषा जिथे मिळतात तो बिंदू ख्रिस्ताच्या उजव्या कानशिलापाशी आहे, तिथे खिळा ठोकून दोऱ्याने रेषा आखल्या त्या खिळ्याचं भोक रिस्टोरेशनमध्ये सापडलं. म्हणजे भिंती-छत काटेकोर, टेबल मात्र हवं तसं.

मांडवीकाठ

मी पणजीची. आमच्या गोव्याचा या विषयाशी संबंध आहे म्हणून लिहायचं धाडस करतेय.

माझं आवडतं चित्र आल्ब्रेख्त ड्यूररचा गेंडा, १५१५ चा लाकडी ठशाचा छाप. तो गेंडा गुजरातचा! सुलतान मुझफ्फर शाहाने तो गोव्याचा गव्हर्नर आल्बुकर्कला भेट दिला, पोर्तुगीजांना दीवला किल्ला बांधायची परवानगी हवी होती ती दिली नाही, भेटी मात्र दिल्या. आल्बुकर्कने तो जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून जहाजात चढवून राजा मानुएलकडे धाडला आणि २० मेला तो लिस्बनला उतरला. रोमनांच्या काळानंतर युरोपात जिवंत गेंडा कोणी पाहिलेला नव्हता. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावायचा घाट घातला तर हत्तीच पळून गेला. मग राजाने तो पोपला नजराणा म्हणून पाठवला आणि १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं, साखळदंड असल्यामुळे बिचाऱ्याला पोहता आलं नाही.

ड्यूरर तिकडे न्यूरेंबर्गला. त्याने गेंडा कधीच पाहिला नाही, लिस्बनहून आलेलं एक पत्र आणि एक कच्चं रेखाटन एवढ्यावर त्याने तो उभा केला. म्हणून कातडीच्या जागी चिलखताचे पत्रे आहेत, पायांवर खवले आहेत, मानेमागे पाठीवर एक जास्तीचं छोटं शिंग आहे. तरी तो एवढा खरा वाटतो की पुढे दोनशे-अडीचशे वर्षं युरोपातल्या पुस्तकांत गेंडा म्हणून हाच छापत राहिले. मला त्याचा डोळा फार आवडतो, दमलेल्या जनावराचा.

आणि वाहतूक दोन्ही बाजूंनी झाली. गोव्याहूनच जेझुइट पाद्री १५८० मध्ये अकबराकडे फतेहपूर सिक्रीला पोचले, सोबत छापील चित्रांचं बायबल होतं. नंतर १६०० च्या सुमारास अबुल हसन नावाच्या पोराने, पुढे जहांगीरचा लाडका चित्रकार झाला तो, १३ व्या वर्षी ड्यूररच्या कोरीव चित्रातल्या संत योहानाची नक्कल केली. ती ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन म्युझियममध्ये आहे.

रंगपेटी

मांडवीकाठ ताई, फार सुंदर प्रतिसाद. अबुल हसनच्या त्या रेखाटनात योहानाच्या झग्याच्या घड्या बघा, ड्यूररपेक्षा मऊ झाल्यात. पोराने नुसता गिरवलेला नाही, स्वतःच्या हाताच्या वळणात आणलाय.

ड्यूररचा ससा पण माझ्या यादीत आहे, १५०२, जलरंग. पहिला तपकिरी वॉश (पातळ रंगाचा हात), त्यावर एकेक केस पांढऱ्या आणि गडद रंगाने. ससा शांत बसला असेल एक क्षण, बाकी सगळं त्याने किती बारकाईने डोक्यात साठवलं असेल. डोळ्यात खिडकीचं प्रतिबिंब आहे, ते सापडलं की ससा एकदम खोलीत आल्यासारखा वाटतो.

निळाई

तुम्ही सगळे रेषेवर आणि पर्स्पेक्टिव्हवर बोलताय, व्हेनिस कुठाय? तिकडच्या लोकांनी रेषेचं राज्यच संपवलं. तिशियनचं शेवटचं चित्र, पिएता (म्हणजे मृत ख्रिस्ताला कवटाळलेली मरिया), व्हेनिसच्या अकादेमिया संग्रहालयात. साडेतीन मीटरच्या वर उंच, रात्रीसारखं काळपट, त्यात मग्दालेना हिरव्या झग्यात हात उंचावून ओरडत धावत येतेय, ख्रिस्ताच्या अंगाला आतून उजेड असल्यासारखा. हे त्याने स्वतःच्या थडग्यावर लावायला काढलं होतं. १५७६ च्या प्लेगमध्ये तो गेला आणि लगेच त्याचा मुलगा ओरात्सिओपण. खाली उजव्या कोपऱ्यात एक छोटी पाटी रंगवलीय, तिच्यात बाप-लेक दोघं हात जोडून गुडघ्यावर बसलेत. ते एवढंसं आहे पण मला तिथून हलवत नाही.

रंगपेटी

निळाई, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य आणि व्हेनिस राहिलं ते तुम्ही भरून काढलंत याचा आनंद आहे. तिशियननेही नियम मोडलाच, वेगळा. त्या काळी चित्र पुरं म्हणजे गुळगुळीत, ब्रशचा माग दिसता कामा नये. म्हाताऱ्या तिशियनबद्दल पाल्मा, ज्याने हे पिएता पुरं केलं, त्याच्या आठवणीतून असं आलंय की शेवटी शेवटी तो ब्रशपेक्षा बोटांनीच जास्त रंगवायचा, उजेड आणि सावलीची कडा बोटाने चोळून मऊ करायचा. चित्र काढून भिंतीकडे तोंड करून महिनोन्‌महिने ठेवायचा आणि मग शत्रूकडे बघावं तसं कठोरपणे बघून परत हात घालायचा. ही सवय प्रत्येक चित्रकाराने लावून घ्यावी अशी आहे.

आता कबूल केल्याप्रमाणे मसाच्चो. फ्लॉरेन्सला सांता मारिया देल कार्मिने चर्चमध्ये ब्रांकाच्ची चॅपल. एका खांबावर मासोलिनोचे आदम-इव्ह, मोहाचा प्रसंग, दोघं शांत, सुबक, छान उभे. समोरच्या खांबावर मसाच्चोचे आदम-इव्ह, स्वर्गातून हाकललेले. आदमने दोन्ही हातांनी तोंड झाकलंय. इव्हचं तोंड उघडं, डोळ्यांच्या जागी नुसत्या गडद खाचा, दोन-चार फटक्यांत काढलेल्या. साधारण १४२५ ते २७, म्हणजे त्याआधी इटलीत रडणं असं कोणी रंगवलेलं मला तरी माहीत नाही. पायाखाली जमिनीवर सावल्या पडल्यात, म्हणून ते खरंच चालत निघालेत असं वाटतं. उजेड चॅपलच्या खऱ्या खिडकीच्या दिशेने येतो. नंतरच्या शतकात कोणीतरी त्यांच्या कमरेला पानं रंगवली ती १९८० च्या दशकातल्या साफसफाईत काढली. १४२८ मध्ये हा पोरगा रोमला गेला आणि तिथेच वारला, वय जेमतेम सव्वीस-सत्तावीस. पुढे मायकेलँजेलो तरुणपणी इथे येऊन याच भिंतींवरून शिकला.

पहिली पायरी

सर, मी जळगावहून, फाउंडेशनला आहे. मला यातलं एक चित्र कॉपी करायचंय, कुठलं घेऊ? आणि त्वचेचा रंग जमतच नाही, सगळे गुलाबी होतात किंवा मातीसारखे.

रंगपेटी

मांतेन्या घ्या. रंग कमी आहेत, त्यामुळे सगळं लक्ष टोनवर (उजेड-सावलीच्या पायऱ्यांवर) राहील, आणि फोरशॉर्टनिंगची भीती कायमची जाईल. पूर्ण चित्र नको, फक्त पावलं आणि चादर, अर्ध्या इम्पीरियल कागदावर कोळशाने. मग छाती.

त्वचेचं असं आहे की टेम्परावाले त्वचेखाली आधी हिरवा द्यायचे, टेर व्हर्ट, म्हणजे हिरवी माती. तो वाळला की वरून गुलाबी, गेरूचे बारीक बारीक फटकारे. टेम्परा पटकन वाळतो, ओल्यात मिसळता येत नाही, म्हणून रेषारेषांनी टोन चढवायचा. खालचा हिरवा गुलाबीला थंड करतो आणि सावलीत थोडा दिसू देतात, म्हणून त्या त्वचा जिवंत. तुमची त्वचा नुसती गुलाबी होते कारण खाली काही थंड नाहीये. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर लंडनच्या नॅशनल गॅलरीत मायकेलँजेलोचं म्हणून मानलं जाणारं एक अर्धवट चित्र आहे, मँचेस्टर मॅडोना म्हणतात, त्यांच्या वेबसाइटवर मोठं करून बघता येतं. डावीकडचे दोन देवदूत नुसते हिरव्या थरावर सोडलेत. पोस्टकार्डएवढ्या तुकड्यांवर हिरव्यावर गुलाबी, तपकिरीवर गुलाबी, राखाडीवर गुलाबी असं करून भिंतीला लावा, आठवड्याभरात डोळा तयार होईल. केलेलं इथे टाका, मी बघतो.

निळाई

पोंतोर्मोवर बोला ना काका, तुम्ही पोर्ट्रेटच्या धाग्यावर नाव घेतलं होतं.

रंगपेटी

हो, तो राहिलाच होता. फ्लॉरेन्सला पोंते वेक्किओ ओलांडलं की सांता फेलिचिता चर्च लागतं, आत शिरल्यावर लगेच उजवीकडे कोपऱ्यात. १५२५ ते २८. ख्रिस्ताचं शव नेतायत, पण क्रूस नाही, शिडी नाही, डोंगर नाही, जमीनसुद्धा जवळजवळ नाही, एक ढग आहे फक्त. खाली एक पोरगा उकिडवा बसून अख्ख्या प्रेताचा भार खांद्यावर घेतोय आणि तो टाचा उचलून बोटांवर आहे! तसं कोणी अर्धा मिनिटपण राहू शकत नाही. कोणीच कुठे टेकलेलं नाही, कोणालाच आधार नाही, आणि प्रसंगही तसाच आहे ना.

रंग तर विचारू नका. फिका गुलाबी, आकाशी, पोपटी, नारिंगी. चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वासारीला हे पटलं नव्हतं, त्याचं म्हणणं होतं की सावल्याच नाहीत, उजेड कुठला आणि मधला टोन कुठला कळत नाही. पण ती सोय पोंतोर्मोने मुद्दाम केलीय, कारण ती चॅपल अंधारी आहे. काळ्या सावल्या घातल्या असत्या तर अर्धं चित्र अंधारात गेलं असतं. म्हणून तो सावलीत रंग गडद करायच्या ऐवजी बदलतो, गुलाबी कपड्याची घडी आत वळली की केशरी होते. हे त्या उकिडव्या पोराच्या अंगावर नीट बघा, कपडा कुठे संपतो आणि कातडी कुठे सुरू होते तेच चटकन कळत नाही.

खडूफळा

एवढ्या नावांत एकही बाई नाही म्हणून मी सोफोनिस्बा आंग्विस्सोलाचं नाव घालते. १५५५ चं, तिच्या बहिणी बुद्धिबळ खेळतायत ते चित्र, पोलंडमध्ये पॉझ्नानला आहे. त्या काळी बायकांना ना शवविच्छेदन बघायची मुभा, ना नग्न मॉडेल समोर बसवायची, मोठ्या धार्मिक चित्रांची कामं मिळणं दूरच. मग तिने घरातच बघितलं. मोठीने डाव मारलाय आणि ती सरळ आपल्याकडे बघतेय, समोरचीने हात वर केलाय, आणि सगळ्यात धाकटी खळखळून हसतेय, दात दिसतायत. त्या काळच्या चित्रांत दात दाखवून हसणारी मुलगी शोधून दाखवा.

रंगपेटी

खडूफळा, हे चित्र इथे यायलाच हवं होतं, आभार. तिच्या हसणाऱ्या मुलीचं एक रेखाटन मायकेलँजेलोने पाहिलं होतं आणि तो म्हणाला की रडणारं मूल काढणं याहून अवघड. तर तिने तिच्या धाकट्या भावाला खेकडा चावून तो रडतोय असं काढून पाठवलं, ते रेखाटन नेपल्सच्या कापोदिमोंते म्युझियममध्ये आहे. भावाचा हात ताठ होऊन बोटं फाकलीत आणि शेजारची बहीण त्याला सावरता सावरता हसू दाबतेय. रडणं मागितलं होतं, तिने त्याच कागदावर दोन्ही दिलं.